ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस आहे की नाही, हे त्यांचं त्यांना कसं बघता येईल?

पांदण

आमच्या गावच्या वाचनालयात (दारव्हा तालुका) रविवारी सकाळी काही ज्येष्ठ मंडळी आपापले लॅपटॉप घेऊन बसतात. कुणी निवृत्त ग्रामसेवक, कुणी शिक्षिका, काही कास्तकार. बहुतेकांची मशीन म्हणजे मुलांनी नवीन घेतल्यावर घरी पाठवलेली जुनी. पेन्शनची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, नातवंडांचे फोटो, एवढाच वापर. तिथं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "याच्यात अँटिव्हायरस हाये का नाई, हे समजावं कसं?"

याचं उत्तर स्वतःला बघता येत नाही म्हणून ही माणसं तालुक्याच्या दुकानात जातात. तिथं कुणी प्रामाणिक भेटलं तर ठीक. नाही तर वर्षाचं पाकीट गळ्यात पडतं, तेही आत एक चालू अँटिव्हायरस असताना. दुसरा प्रकार याहून वाईट. आहे आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि ते कधीचं बंद पडलेलं असतं.

म्हणून हा धागा. विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आतच असतो, त्याला वेगळे पैसे नाहीत. तेव्हा विकत घ्यायच्या आधी बघायला शिकवू. आणि शिकवताना माउस त्यांच्याच हातात राहू द्या. आपण दोन मिनिटांत क्लिक करून "आहे हो काका" म्हणून मोकळे होतो, त्यातून त्यांना काहीही मिळत नाही.

मी असं सांगतो. खाली डावीकडे किंवा मधोमध विंडोजचं चार चौकोनांचं चिन्ह आहे, ते दाबा. काही उघडलं की सरळ टाइप करायला लागा, पेटी शोधत बसू नका. 'विंडोज सिक्युरिटी' मधला 'सिक्युरिटी' शब्द इंग्रजीत अर्धा टाइप झाला तरी निळ्या ढालीचं चिन्ह वर येतं. त्यावर क्लिक करा. आता बरेच चौकोन दिसतील, त्यातला पहिला 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'. त्याच्या चिन्हावर हिरवी खूण आणि खाली 'नो ॲक्शन नीडेड' असं लिहिलेलं असलं, तर तुमचा अँटिव्हायरस चालू आहे.

तो नेमका कोणता, हे बघायचं तर त्याच खिडकीत खाली डावीकडे दातेरी चाकाचं 'सेटिंग्ज' आहे. तिथं 'मॅनेज प्रोव्हायडर्स' दाबलं की अँटिव्हायरस या मथळ्याखाली नाव दिसतं. डिफेंडर असेल, क्विक हील असेल, आणखी काही असेल. एकापेक्षा जास्त नावं असतील तर कोणतं चालू आणि कोणतं बंद तेही तिथंच लिहिलेलं असतं.

तुमच्याकडे घरच्या मोठ्यांना शिकवताना काय अडतं ते लिहा. आणि जे स्वतः शिकत आहेत त्यांनी तर नक्कीच लिहा.

निवृत्त_गुरुजी

पांदण, नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. नोकरीत असताना एमएस-सीआयटी केलं होतं, पण तेव्हाचं विंडोज वेगळं होतं, आता सगळी जागाच बदललेली वाटते.

आपण सांगितल्याप्रमाणे ढाल उघडली. पण माझ्याकडे हिरव्याऐवजी पिवळा त्रिकोण आहे, त्यात उद्गारचिन्ह. व्हायरस शिरला असं समजायचं का? पेन्शनचं खातं याच लॅपटॉपवर उघडतो, म्हणून विचारतो. तोपर्यंत लॅपटॉप बंद करून ठेवला आहे.

पांदण

गुरुजी, काळजी करू नका. पिवळा म्हणजे विंडोजची सूचना किंवा शिफारस. लगेच लक्ष द्यायचं चिन्ह लाल असतं, आत फुली असलेलं. रंग पाहून थांबू नका, त्या पिवळ्या खुणेशेजारची ओळ वाचा आणि अक्षरं जशीच्या तशी इथं लिहा. अर्थ लागला नाही तरी चालेल.

निवृत्त_गुरुजी

'सेट अप वनड्राइव्ह फॉर फाइल रिकव्हरी ऑप्शन्स इन केस ऑफ अ रॅन्समवेअर अटॅक'. खाली 'सेट अप वनड्राइव्ह' आणि 'डिसमिस' अशी दोन बटणं आहेत. 'अटॅक' शब्द वाचून घाबरलो होतो हे खरं.

पांदण

अटॅक झालेला नाही गुरुजी. रॅन्समवेअर म्हणजे फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस. तसा अटॅक झालाच तर फायली परत मिळाव्यात म्हणून त्यांची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या साठवणीत ठेवता का, एवढंच तो विचारतोय. नको असेल तर 'डिसमिस' दाबा, खूण हिरवी होईल. पिवळ्या त्रिकोणाने येणाऱ्या बहुतेक जणांचं हेच निघतं.

त्याच पानावर जरा खाली या. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन अपडेट्स' असा मथळा आहे, त्याखाली 'लास्ट अपडेट' आणि तारीख. ती तारीख सांगा.

निवृत्त_गुरुजी

डिसमिस केलं, हिरवं झालं. आपले आभार. तारीख मात्र मागच्या महिन्यातली आहे.

पुण्यातली_वऱ्हाडीण

गुरुजींनी ओळ जशीच्या तशी टाइप केली म्हणून लगेच उलगडा झाला. मी हेच बाबांशी व्हिडिओ कॉलवर करते, ते मूर्तिजापूरकडे आणि मी पुण्यात. पूर्वी मी विचारायची, "बाबा, काय दिसतंय?" ते म्हणायचे, "काही नाई, एक डबा आला." तो डबा ते बंदही करून टाकायचे. आता आमचं ठरलेलं आहे, काहीही आलं की त्याला हात लावायचा नाही, मोबाइलने पडद्याचा फोटो काढायचा आणि मला व्हॉट्सॲप करायचा. फोटो तिरपा आला, उजेड चमकला तरी वाचता येतो.

एका फोटोत कळलं की नवीन लॅपटॉपसोबत आलेला एका कंपनीचा अँटिव्हायरस मुदत संपून तसाच पडलाय. नव्या मशीनमध्ये असा काही दिवसांचा फुकट नमुना बरेचदा येतो. आपण दुसरा अँटिव्हायरस चालू ठेवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणजे दोघांची टक्कर नको. पण मग त्या नमुन्याची मुदत संपते आणि रोज 'रिन्यू करा' म्हणून खिडकी येत राहते. बाबांना वाटायचं रोज कुणीतरी आठवण देतंय म्हणजे राखण चालूच आहे.

उपाय दोनच, पैसे भरा किंवा काढून टाका. आम्ही काढला. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स). त्या नावावर अनइन्स्टॉल, मग लॅपटॉप रीस्टार्ट. रीस्टार्टनंतर ढाल पुन्हा उघडून डिफेंडर चालू झाला का ते बघणं मात्र विसरू नका. तो आपोआप चालू होतो, तरी डोळ्यांनी बघून घ्यायचं.

आणि कृपा करून "मोठ्यांना जमत नाही" असं म्हणू नका. माझे बाबा तुरीवरची फवारणी ठरवताना औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतात. इथंही वाचायचंच आहे, फक्त घाई करणारं कुणी मागे उभं नको.

पऱ्हाटी

गुरुजीयचं अपडेट मांगच्या महिन्यातलं काहून? आमच्या घरीबी तसंच हाये. आमच्या इथं वायफाय नाई, पोराच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. लाइनचाबी भरवसा नाई, बॅटरी तर कवाची गेली लॅपटॉपची. लाइन गेली का तो बंद.

दुरुस्तीवाला

पऱ्हाटी भाऊ, कारण तुमच्या लिहिण्यातच आहे. हॉटस्पॉट जोडताना वायफायच्या गुणधर्मात 'मीटर्ड कनेक्शन' चालू असेल, तर विंडोज डेटा वाचवायला अपडेट अडवून ठेवतं. ते बंद केलं तर मोठमोठे अपडेटही उतरायला लागतील आणि पोराचा दिवसाचा डेटा संपेल. म्हणून ते राहू द्या. आठवड्यातून एकदा ढाल उघडा, 'प्रोटेक्शन अपडेट्स' वर क्लिक करा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. फक्त अँटिव्हायरसची नवी यादी (कोणते व्हायरस ओळखायचे ती) उतरते. लाइन असताना आणि रेंज बरी असताना करा, आमच्याकडे पहाटे बरी असते.

ज्या घरी इंटरनेटच नाही, त्यांच्यासाठी डिफेंडरची हीच यादी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून वेगळी फाइल म्हणून उतरवता येते. दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणायची आणि डबल क्लिक करायची. हे मात्र घरातल्या कुणी जाणत्याने करावं, कारण फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरची हवी.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी या धाग्यावर सांगितलीच पाहिजे. माझं तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू केलेलं असतं. त्यासाठी वापरतात त्या 'ॲक्टिव्हेटर' ला डिफेंडर पकडतो, पकडायलाच पाहिजे. मग टाकणारा काय करतो? डिफेंडरलाच आंधळं करतो. गिऱ्हाइकाला सांगत नाही.

हे बघायच्या जागा सांगतो. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' वर क्लिक करा. सगळ्यात वर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन'. हे 'ऑन' हवं. 'ऑफ' असेल तर ऑन करा. करता येत नसेल, बटण फिकं दिसत असेल आणि वर 'धिस सेटिंग इज मॅनेज्ड बाय युअर ॲडमिनिस्ट्रेटर' असं लिहून येत असेल, तर थांबा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे वाक्य ठीक आहे. घरच्या लॅपटॉपचा ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच, मग हे दुसरं कोण? म्हणजे कुणीतरी आतून कुलूप घातलंय.

दुसरी जागा लोकांना माहीतच नसते. त्याच पानावर अगदी खाली उतरा, 'एक्सक्लूजन्स' असं आहे. त्यात 'ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स' उघडा. परवानगी मागेल, 'यस' म्हणा. ही 'इथं तपासू नको' म्हणून दिलेल्या जागांची यादी. घरगुती मशीनवर ती रिकामी असायला हवी. मी अशा यादीत सबंध 'सी' ड्राइव्ह टाकलेला बघितला आहे. वर हिरवी खूण, 'नो ॲक्शन नीडेड', आणि प्रत्यक्षात तपासणी शून्य. पांदण, तुमच्या रविवारच्या वर्गात हिरवी खूण दाखवून थांबू नका, ही यादी उघडून दाखवाच.

यादीत काही असेल तर त्यावर क्लिक करून 'रिमूव्ह'. मग मागे येऊन 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'फुल स्कॅन' लावा. जुन्या मशीनवर तासन् तास चालतो, लाइनचं बघून लावा. काही सापडलं आणि निघत नसेल तर तिथंच खाली 'ऑफलाइन स्कॅन' आहे. त्यात मशीन स्वतः बंद होऊन सुरू होतं, विंडोज उघडायच्या आधी तपासतं आणि परत येतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. पडदा बदलला म्हणून ज्येष्ठांना भीती वाटते, आधी सांगून ठेवा.

पांदण

दुरुस्तीवाला, तुमच्यासारख्या दुकानदाराने हे मोकळेपणाने लिहिलं याचं फार समाधान वाटलं. एक्सक्लूजन्सची यादी मी वर्गात दाखवत नव्हतो, या रविवारपासून दाखवणार.

संत्राबाग

आमच्या वरूडकडचा प्रकार सांगते. शेजारच्या काकू भजनाचा व्हिडिओ बघत होत्या, एकदम सबंध पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा". माउस चालेना. काकूंनी नंबर लावलाच होता, मी पोचले म्हणून थांबल्या. समोरचा माणूस गोड हिंदीत बोलत होता आणि एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) उतरवायला सांगत होता.

हे अँटिव्हायरसचं काम नव्हे हे काकूंना कसं समजावावं? त्या म्हणतात, "विंडोजचंच चिन्ह होतं ना बाई!"

पुण्यातली_वऱ्हाडीण

चिन्ह कुणीही चिकटवू शकतं. काकूंना एकच गोष्ट पाठ करायला सांगा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो, कधीच नसतो. नंबर दिसला की तो ठग. खरा डिफेंडर काही सापडलं तर उजव्या कोपऱ्यात लहानशी पट्टी दाखवतो, भोंगा वाजवत नाही, "बंद करू नका" अशी गयावया करत नाही.

लाल पडदा म्हणजे नुसतं वेबपेज असतं, ते पडदाभर पसरलेलं असतं म्हणून माउस अडकल्यासारखा वाटतो. आधी एस्केप बटण दाबून धरायचं. गेलं नाही तर आल्ट आणि एफ-४ एकत्र. काहीच जमलं नाही तर चालू-बंद करायचं बटण दाबून धरायचं, मशीन पूर्ण बंद होईपर्यंत. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर "मागची पानं उघडू का" विचारेल, त्याला नाही म्हणायचं. एवढं झालं की पानही गेलं आणि ठगही गेला.

दुरुस्तीवाला

अगदी बरोबर. आणि कुणी एनीडेस्क देऊन बसलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा, हॉटस्पॉट बंद करा. मग ते ॲप काढा. त्या मशीनवर बँकेचं खातं उघडलं असेल तर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच थांबवले जाण्याची शक्यता जास्त. घरच्यांना सांगायला लाज वाटते म्हणून माणसं दोन दिवस गप्प राहतात, तोवर पैसे चार खात्यांतून फिरलेले असतात. तेव्हा घरच्यांनी रागावू नये. फसवणारे रोज हेच काम करतात आणि समोरचा माणूस एकटा असतो.

पऱ्हाटी

माह्या इचाराचंबी सांगजा कोणी. सातबारा काढाले सेवा केंद्रावर पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. घरी आणून लावला त सगळ्या फायलीयच्या जागी बाणाचं चिन्ह असलेलं काहीतरी येऊन राहिलं. फोटोबी तसेच. आमचे आबाजी म्हणते फोटो गेले, लेकीच्या लग्नाचे होते त्याच्यात. अँटिव्हायरस त हिरवा दिसून राहिला.

दुरुस्तीवाला

फोटो गेले नाहीत भाऊ, आबाजींना आधी हे सांगा. हा पेन ड्राइव्हवर फिरणारा जुना प्रकार आहे. तो खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट ठेवतो. त्या बाणवाल्या चिन्हांवर डबल क्लिक करू नका, त्यानेच तो मशीनमध्ये शिरतो.

पेन ड्राइव्हच्या नावावर उजवी क्लिक, 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'. विंडोज ११ मध्ये दिसलं नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स' मध्ये बघा. तपासून काढून टाकलं की वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर टिक करा (११ मध्ये व्ह्यू, मग शो). फिक्या रंगात फोटोंचे फोल्डर दिसायला लागतील. ते मशीनवर कॉपी करा, उघडून बघा, मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. तरी दिसले नाही तर तसाच माझ्यासारख्या कुणाकडे न्या, त्यावर नवीन काही भरू नका.

सायबर स्वच्छता केंद्र म्हणून केंद्र सरकारची साइट आहे, २०१७ पासून. तिथं अशा लागण झालेल्या मशीन साफ करायची साधनं फुकट आहेत.

पांदण

यात एक जोडतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून पंधरा रुपयांत आपल्याच मोबाइलवर उतरवता येतो. छापायचाच असेल तर ती फाइल दुकानदाराला मेल करा. पेन ड्राइव्ह दहा मशीनला लावून घरी आणायची वेळच येणार नाही.

पऱ्हाटी

फोटो भेटले! सगळे. आबाजी तेच पाहून राहिले. तुमचे लय उपकार झाले भाऊ.

निवृत्त_गुरुजी

मी 'चेक फॉर अपडेट्स' केलं, तारीख आजची झाली. एक्सक्लूजन्स उघडून पाहिलं, रिकामं आहे. रिअल-टाइम ऑन आहे. लॅपटॉप आता परत वापरतो आहे.

माझे एक सहकारी आहेत, त्यांच्याकडे डेस्कटॉप आहे. त्यांनी माझ्यासारखंच करून पाहिलं, पण त्यांच्याकडे ती ढाल सापडतच नाही. 'डिफेंडर' टाइप केल्यावर काहीतरी उघडतं, ते वेगळंच दिसतं.

दुरुस्तीवाला

गुरुजी, ते बहुधा विंडोज ७ आहे. खात्री करायला, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी पेटी येईल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. कोणतं विंडोज ते नावानिशी येतं.

सातमध्येही डिफेंडर नावाचं काहीतरी असतं, पण ते फक्त स्पायवेअर (चोरून आपली माहिती काढणारे प्रोग्रॅम) बघायचं. पूर्ण अँटिव्हायरस म्हणून ते विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आलं. आणि सातचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. त्यावर वरून अँटिव्हायरस टाकला तरी खालच्या विंडोजमधल्या फटी उघड्याच राहतात. सहकाऱ्यांना सांगा, त्यावर गाणी ऐका, पत्रं टाइप करा, बँक आणि पेन्शन मात्र अजिबात नको.

दहावाल्यांचंही सांगून ठेवतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत, त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. डिफेंडरच्या याद्या दहावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं त्यांनी सांगितलंय. म्हणजे ढाल हिरवी दिसत राहील, पण ती हिरवी आहे म्हणून विंडोजही ठीक आहे असं धरू नका. मशीनला ११ चालत असेल तर करून घ्या, ते दहावाल्यांना फुकट आहे.

निवृत्त_गुरुजी

सहकाऱ्यांकडे जाऊन पाहून आलो. विंडोज ७ च आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काम असतं, ते त्यांनी माझ्याकडे येऊन करावं असं ठरलं. पांदण, आपल्या रविवारच्या वर्गाला बाहेरगावचे चालतात का? आम्ही दोघं दिग्रसहून येऊ शकतो.

पांदण

या गुरुजी, दोघंही या. सकाळी नऊला उघडतं. चार्जर सोबत आणा, आणि शक्य झालं तर एक्स्टेंशन बोर्ड. वाचनालयात प्लग दोनच आहेत.